सध्या कोणती विज्ञानकादंबरी वाचताय, आणि कुठल्या आवृत्तीत?

पानखूण

हा धागा सध्याच्या वाचनासाठी. पण नुसती नावं नकोत. पुस्तक सांगताना एवढं जरूर लिहा: कुठली आवृत्ती, कुठला अनुवाद, मालिका असेल तर सुरुवात कुठून, आणि वाचक साधारण कुठे अडकतो.

माझ्या यादीत 'ड्यून', 'फाउंडेशन', 'सोलॅरिस' आणि 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आहेत. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'सारख्या संग्रहांवर वाढलेल्या वाचकाला एक कल्पना, थोडी पानं आणि शेवटी उलगडा, अशी सवय असते. पाचशे-सहाशे पानांच्या कादंबरीत वाचायचं कसं? 'ड्यून' पहिल्या काही प्रकरणांतच अनोळखी शब्दांनी दमवते. 'फाउंडेशन'च्या क्रमाबद्दल तिघं तीन गोष्टी सांगतात. आणि इंग्रजी अनुवाद कुठलाही चालतो का?

लंबवर्तुळ

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. कुठलाही अनुवाद चालत नाही.

'सोलॅरिस' स्तानिस्वाफ लेम यांनी पोलिशमध्ये लिहिली, साल १९६१. १९७० मध्ये आलेला इंग्रजी अनुवाद पोलिशवरून नाहीच. आधी फ्रेंच अनुवाद झाला आणि त्या फ्रेंचवरून इंग्रजी. लेम यांना इंग्रजी वाचता येत होतं आणि त्यांना तो पसंत नव्हता. थेट पोलिशवरून बिल जॉन्स्टन यांनी केलेला अनुवाद २०११ मध्ये ऑडिओ आणि ई-बुक रूपात आला. कुठलीही प्रत हातात आली तर आत कुठेही उघडून पात्रांची नावं बघा. 'ऱ्हेया' आणि 'स्नो' दिसले तर तो जुना, फ्रेंचमार्गे आलेला. 'हारेय' आणि 'स्नाउट' दिसले तर नवा.

या कादंबरीत लोक ग्रंथालयाच्या प्रकरणांपाशी अडकतात. सोलॅरिस ग्रहाच्या समुद्रावर उठणारे आकार, त्यांची वर्गवारी, एकमेकांना खोडणारे सिद्धांत, पानंच्या पानं. बरेच जण ती चाळून पुढे जातात आणि मग शेवट पोकळ वाटतो. ती वाचाच. पिढ्यान् पिढ्या चाललेला अभ्यास आणि तरी समुद्र कळलेला नाही, हे ओझं अंगावर आल्याशिवाय नायकाची हतबलता पोचत नाही.

स्त्रुगात्स्की बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' (१९७२) घेणार असाल तर २०१२ चा ओलेना बोर्माशेंको यांचा अनुवाद घ्या. सोव्हिएत काळात संपादकांनी बदलायला लावलेला मजकूर त्यात मूळ रूपात आहे.

व्हर्नच्या बाबतीत तर आणखी जपून. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'चा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद अजून फुकट ई-बुकांत फिरतो. त्यात बराच मजकूर गाळलेला आहे, त्यातही शास्त्रीय तपशील, म्हणजे ज्यासाठी व्हर्न वाचायचा तेच. आणि जाता जाता: वीस हजार लीग ही खोली नाही, पाण्याखालून केलेल्या प्रवासाचं अंतर आहे. लीग चार किलोमीटरची धरली तर ८०,००० किलोमीटर होतात. तेवढी खोली पृथ्वीला नाहीच. तिचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर.

अनुवाद नसलेल्या पुस्तकांतही आवृत्ती बघावी लागते. सध्या हातात आहे ती जो हाल्डेमन यांची 'द फॉरेव्हर वॉर'. पुस्तक १९७४ चं, पण मासिकाच्या संपादकाला मधला भाग फार निराश वाटला म्हणून तो तेव्हा बदलला गेला. नायक लढाईवरून पृथ्वीवर परततो तो हा भाग. १९९७ च्या आवृत्तीत लेखकाने मूळ मजकूर परत घातला. जुन्या प्रतीत नायक पुन्हा सैन्यात का जातो हे नीट पटत नाही, नव्या प्रतीत पटतं. प्रकाशनाच्या पानावर १९९७ किंवा त्यानंतरचं साल आहे का, एवढं तपासा.

वाळूघड्याळ

'ड्यून' आणि 'फाउंडेशन'बद्दल मी लिहिते.

'ड्यून'च्या (१९६५) शेवटी शब्दकोश आहे, त्याच्याआधी परिशिष्टं आहेत. शब्दकोश लगेच वापरायला घ्या, परिशिष्टं कादंबरी संपेपर्यंत उघडू नका. पर्यावरणाचं पहिलं परिशिष्ट उत्तम आहे, पण नंतरच्या परिशिष्टांत कोणाचं पुढे काय झालं याचे उल्लेख येतात. कागदी प्रत असेल तर कोशापाशी दुसरी खूण ठेवा. ई-बुकमध्ये पुढे-मागे करताना जागा हरवते, म्हणून कोशाची पानं वेगळी छापून घेतलेली बरी.

प्रत्येक शब्द मात्र शोधू नका. पहिल्या भागासाठी 'बेने गेसरिट', 'मेंटाट', 'लँड्सराड', 'चोम', 'सार्डाउकार' आणि 'फ्रेमेन' एवढे सहा पुरतात. बाकीचे संदर्भाने उलगडतात.

दुसरी अडचण शब्दांची नाही, अपेक्षेची आहे. विश्वासघात कोण करणार हे लेखक सुरुवातीलाच उघड सांगून टाकतो. रहस्यकथा समजून वाचणाऱ्याला वाटतं, लेखकाने रंगाचा बेरंग केला. इथे 'कोण' हा प्रश्नच नाही. सगळ्यांना धोका दिसत असूनही कोणाला तो टाळता का येत नाही, ही खरी गंमत आहे. प्रकरणांच्या डोक्यावरचे उतारे म्हणूनच वगळू नयेत.

पुढचे भाग? 'ड्यून मसाया' (१९६९) पहिल्यापेक्षा बरीच लहान आहे आणि ती वाचलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पहिल्या कादंबरीत जो तारणहार वाटतो त्याची किंमत कोणी चुकवली, ते तिथे कळतं. लेखक फ्रँक हर्बर्ट यांनी एकूण सहा लिहिल्या, पण दोनवर थांबलं तरी वर्तुळ पूर्ण होतं.

'फाउंडेशन'साठी प्रकाशनाचा क्रम: १९५१, १९५२ आणि १९५३ ची मूळ त्रयी, मग 'फाउंडेशन्स एज' (१९८२), 'फाउंडेशन अँड अर्थ' (१९८६), 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' (१९८८), 'फॉरवर्ड द फाउंडेशन' (१९९३). कथेतला काळ बघून 'प्रिल्यूड' आधी घेणं ही सर्रास होणारी चूक. त्यातला शेवटचा उलगडा १९८६ च्या पुस्तकाचा शेवट आधीच फोडतो. त्या उलगड्याला वजन यावं असं वाटत असेल तर १९८२ च्या पुस्तकाआधी 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) आणि 'द नेकेड सन' (१९५७) वाचून घ्या.

कथांची सवय असलेल्या पानखूण यांना पहिला खंड खरं तर सोपा जावा. ती कादंबरी नाहीच. पाच भाग आहेत आणि पहिला सोडला तर बाकीचे आधी मासिकात कथा म्हणून आलेले. दोन भागांमध्ये वर्षानुवर्षं उलटतात आणि पात्रं बदलतात. आवडलेला माणूस पुढच्या भागात नुसता पुतळा किंवा म्हण होऊन उरतो, आणि वाचक तिथे पुस्तक मिटतो. उपाय साधा आहे: प्रत्येक भाग एका बैठकीत संपवा आणि दोन भागांत एखादा दिवस जाऊ द्या. दुसऱ्या खंडात दोनच दीर्घकथा आहेत. 'म्यूल'ची जी दुसरी, तिथे मालिका खरी पेट घेते.

अर्धविराम

कोशाबाबत वाळूघड्याळ यांच्याशी सहमत नाही. सहा शब्दांसाठीसुद्धा मागे जाऊ नये. नायक पॉलही त्या ग्रहावर नवखाच आहे; त्याच्याबरोबर गोंधळलं तर पुस्तक जास्त चढतं.

कथेकडून कादंबरीकडे जायचं तर मधली पायरी टेड चँग. 'स्टोरीज ऑफ युअर लाइफ अँड अदर्स' (२००२) मध्ये आठ कथा आहेत, 'एक्झलेशन' (२०१९) मध्ये नऊ, आणि दोन्हींत शेवटी लेखकाची टिपणं. टिपण कथा संपल्यावरच वाचा. 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' वाचताना क्रियापदांचे काळ बघा: मुलीबद्दलच्या परिच्छेदांत भविष्यकाळ का, याचं उत्तर फर्माच्या तत्त्वावरच्या (प्रकाश कमीत कमी वेळाचा मार्ग घेतो) चर्चेत आहे. ते पान घाईत वाचलं तर कथा नुसती भावुक वाटते.

त्यानंतर ले ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' (१९७४). तेरा प्रकरणं. पहिलं आणि शेवटचं कादंबरीतल्या अनारेस आणि उरास या दोन्ही जगांना जोडतं. मधली सम प्रकरणं अनारेसवरची, म्हणजे आधीचा काळ, आणि विषम उरासवरची, म्हणजे नंतरचा. हे माहीत नसलं की तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात काळाचा गुंता होतो. अनुक्रमणिका नसेल तर प्रकरणाच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलीने 'अ' किंवा 'उ' लिहा. सगळी 'अ' आधी वाचून टाकायचा मोह टाळा, जोडीजोडीने वाचली तरच ती एकमेकांशी बोलतात.

पानखूण

हे फार उपयोगी आहे. 'सोलॅरिस'ची प्रत उघडून पाहिली, 'ऱ्हेया' आहे, बदलते. आता एक उपप्रश्न: वाचताना विज्ञान बरोबर आहे का हे तपासत बसावं का? आणि 'थ्री-बॉडी'बद्दल कोणीच लिहिलं नाही.

कोनीयवेग

तपासावं, कारण काही पुस्तकांत तो आनंदाचाच भाग आहे. क्लार्क यांची 'राँदेव्हू विथ रामा' (१९७३) सध्या पुन्हा वाचतोय. पोकळ दंडगोल, ५० किलोमीटर लांब, आतला व्यास १६ किलोमीटर, चार मिनिटांत एक फेरा. कोनीय वेग म्हणजे २π भागिले २४० सेकंद, ०.०२६२. त्याचा वर्ग गुणिले ८००० मीटर केला की ५.५ येतात, म्हणजे पृथ्वीच्या ५६ टक्के. आसापाशी वजन शून्य, आणि खाली उतरताना ते अंतराच्या प्रमाणात वाढतं. ४ किलोमीटरवर २८ टक्के. हे आकडे डोक्यात ठेवून जिन्याचं प्रकरण वाचा, प्रत्येक पायरी अंगाला जाणवते. इथे होणारी चूक म्हणजे बाहेरचा २० किलोमीटरचा व्यास धरणं; त्याने उत्तर जास्त येतं.

'द मार्शियन'मध्ये उलट. रसायनशास्त्र छान आहे: हायड्रेझीन इरिडियमवरून सोडलं की नायट्रोजन आणि हायड्रोजन, हायड्रोजन जाळला की पाणी, आणि न जळलेला हायड्रोजन साचला की स्फोट. पण सुरुवातीचं वादळ चालत नाही. मंगळाची हवा पृथ्वीच्या सुमारे एक साठांश घनतेची. वाऱ्याचा जोर घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणून तिथला ताशी १६० किलोमीटरचा वारा इथल्या ताशी २० किलोमीटरइतकाच लागतो. यान कलंडत नाही. लेखकानेही हे मान्य केलं आहे. कथा सुरू व्हायला घेतलेली एक सूट समजावी आणि पुढे जावं.

'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २००६ मध्ये चिनी मासिकात क्रमशः आली, पुस्तक २००८ मध्ये. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचे प्रसंग मध्ये ढकलले होते, केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादात (२०१४) ते सुरुवातीला आहेत. इंग्रजीच घ्या, ये वन्जिए पुढे जे करते त्याचं कारण आधी कळलेलं बरं. नावात आडनाव आधी येतं, 'ये' हे आडनाव. दुसऱ्या खंडाचा अनुवादक वेगळा आहे, जोएल मार्टिन्सन. भाषेची चाल बदलते म्हणून बिचकू नका.

विज्ञानाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. कादंबरीतले परग्रहवासी जिथले आहेत त्या खऱ्या अल्फा सेंटॉरीत तीन तारे असले तरी कादंबरीतला गोंधळ तिथे नाही. दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात आणि प्रॉक्सिमा फार लांबून त्या जोडीला प्रदक्षिणा घालतो. रचना स्थिर आहे. कादंबरीत तीन तारे जवळजवळ आणि तुल्यबळ कल्पिले आहेत, तसं झालं तरच दूरचं भाकीत अशक्य होतं.

पुढची म्हणून पोल अँडरसन यांची 'टाऊ झीरो' (१९७०) ठेवा. वेग कमी करता न येणारं यान, आणि शीर्षकातला टाऊ म्हणजे १ वजा (वेग भागिले प्रकाशवेग)चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. खुणेच्या कागदावर एवढं उतरवून ठेवा: प्रकाशवेगाच्या ०.९ पटीला टाऊ ०.४३६, यानावरचं एक वर्ष म्हणजे बाहेरची २.३ वर्षं, ०.९९ ला ०.१४१, ७.१ वर्षं, ०.९९९ ला ०.०४४७, २२.४ वर्षं, ०.९९९९ ला ०.०१४१, जवळजवळ ७१. पात्रं टाऊचा आकडा बोलली की कागद बघायचा.