बाइकचं हँडल वळवलं की फ्यूज उडतोय, वायर कुठे घासत असेल?

प्रश्न: हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की हेडलाइट मिणमिणतो, आणि कालपासून दोन फ्यूज उडाले. सुरुवात कुठून करू, टाकी-बिकी काढावी लागेल का?

उत्तर १: टाकीला लगेच हात नका लावू. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि हँडलच्या मानेपाशी वायरचा जुडगा वळतो तिथे बघा, वरून नाही हां, खालून बोट फिरवून. माझी वायर वरून ठणठणीत, खाली फ्रेमला टेकते तिथे नखाएवढं इन्सुलेशन गेलेलं, आत तांबं चकाकत होतं.

उत्तर २: आणि मोठा फ्यूज टाकायचा शहाणपणा करू नकोस, मग फ्यूजऐवजी वायर जळते. दिसत नसेल तर बॅटरी सोडवलेलीच ठेवून फ्यूज आणि बल्ब दोन्ही काढ, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडली गेली की बीप देणारी सेटिंग) ठेवून एक टोक हेडलाइटच्या पॉझिटिव्ह वायरला, दुसरं फ्रेमला, आणि हँडल हळूहळू फिरव. बीप वाजला की तिथेच थांब. बल्ब राहिला तर त्याच्यातूनच बीप येतो, मी अर्धा दिवस घालवलाय त्यात 😅

प्रश्नकर्ता: वायर सापडली! क्लच केबल तिच्यावर घासत होती. टेप मारली तर चालेल?

उत्तर १: साधी टेप गरम झाली की चिकट होऊन सुटते. तारा तुटल्या नसतील तर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा, वरून संरक्षक स्लीव्ह, आणि केबल टाय बांधताना वळणाला थोडी ढील सोडा.