नाताळ साधा करायचा आहे, घरच्यांना कसं समजावू?

रेल्वेलाइन्सची आई, सोलापूर

सगळ्यांना सलाम. जरा लांबेल, पण वाचा.

गेल्या नाताळात माझं प्रभुभोजन, म्हणजे देवळातला भाकर-द्राक्षारसाचा विधी, चुकलं. चोवीसच्या रात्री दीडपर्यंत करंज्या तळत होते. सकाळी उठून केकचं आयसिंग, मग पाहुण्यांच्या मटणाचं वाटण. चर्चची भक्ती नऊची. मी देवळात पोचले तेव्हा शेवटचं गीत चालू होतं आणि मेजावरचा प्याला पांढऱ्या रुमालाखाली झाकलेला होता. वर्ष झालं, तो रुमाल डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी येऊन हिशोब केला. कपडे, लाइटच्या माळा, मुलींच्या मैत्रिणींना गिफ्टं, मटण, सगळे मिळून चौदा हजार. आणि त्या दिवशी दानाच्या पाकिटात मी शंभराची नोट घातली होती.

माझ्या सासूबाई असताना असं नव्हतं. सासरे गिरणीत होते, पगार वेळेवर झाला तर नवे कपडे, नाहीतर धुतलेले. बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून एक चांदणी व्हायची, आत चाळीसचा बल्ब. चोवीसला संध्याकाळी त्या उजेडात बायबलातला येशूच्या जन्माचा, लूकचा दुसरा अध्याय, प्रत्येकाने दोन-दोन वचनं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण मेंढपाळांचा भाग त्यांना तोंडपाठ होता, तो त्याच म्हणायच्या. दुसऱ्या कुणी म्हटलेला चालायचा नाही.

मला तो नाताळ परत हवाय. मिस्टर म्हणतात, "वर्षातून एकदा सण येतो. शेजारचे दिवाळीला डबाभर फराळ देतात, आपण रिकाम्या हाताने बसायचं का?" त्यांचंही चूक नाही. थोरली म्हणते, मम्मी, मग सणात राहिलं काय? तुमच्या घरी काय ठेवलंत, काय सोडलंत? खरं खरं सांगा.

निवृत्त गुरुजी, अहिल्यानगर

ताई, सलाम. तुमच्यासारखीच ओढ असलेल्या लोकांनी पूर्वी एक टोक गाठलं होतं. आपल्याकडे शुभवर्तमान आणणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची मुळं बोस्टनकडची. पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. बोस्टनच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांच्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट, पूर्वजांनी १६५९ साली नाताळ पाळायलाच बंदी घातली होती, पाळला तर पाच शिलिंग दंड! दारू, धिंगाणा त्यांना सहन होत नव्हता, आणि शास्त्रात, म्हणजे बायबलात, या सणाची आज्ञा नाही असंही ते म्हणत. १६८१ ला तो कायदा गेला. दंड लावून कुणाचं मन बाळ येशूच्या गव्हाणीपाशी येत नाही, असं मला वाटतं. म्हणून घरात "हे बंद, ते बंद" अशी सुरुवात करू नका.

आपले कवी नारायण वामन टिळक बघा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण भजन-कीर्तन टाकलं नाही, ते प्रभूच्या पायाशी आणलं. तुम्हीही आधी घरात गाणं आणा. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार आहेत, दर रविवारी रात्री एक गीत आणि एक उतारा, पंधरा मिनिटं. मुली चिडल्या तरी पंधराच मिनिटं.

आणि पंचवीस तारीख शास्त्रात कुठेच नाही. या तारखेची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, सन ३३६ ची. तेव्हा मटण पंचवीसलाच झालं पाहिजे असं कुणी सांगितलं? पाहुण्यांना सव्वीसला बोलवा.

विजापूर रोडवरची काकू

गुरुजींचं पटलं, पण करंज्या सोडू नकोस गं. माझ्या शेजारी पद्मशाली कुटुंब आहे, तीस वर्षांचा शेजार. आमच्या करंज्या गेल्या की त्यांच्या आजी विचारतात, तुमच्या देवाचा वाढदिवस आला ना? तेवढ्यावर किती बोलणं होतं! फक्त दिवस बदल. मी नाताळच्या आधीच्या शनिवारीच डबे देऊन मोकळी होते. चोवीसला दुपारी चारनंतर माझा गॅस पेटत नाही. रात्री पिठलं-भाकरी आणि शेंगाचटणी, सगळे जेवतात, कुणी मेलं नाही. केक मात्र मी कधीचाच सोडला. मुलांनी आठ दिवस तोंड फुगवलं, मग विसरली.

तरुण संघ, मोहोळकडचा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाताळच्या साउंडवाल्याचे पैसे द्यायला वर्गणी कमी पडली, तेव्हा डीजे गेला. खरं कारण हेच, भक्ती वगैरे नंतर सुचली. त्या वर्षी पाळकसाहेबांनी सांगितलं की असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा चारा, खरा बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला होता. मग आम्ही मामाच्या गोठ्यातली लाकडी गव्हाण धुऊन देवळात आणली. कडा बैलांच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या, आत ज्वारीचा कडबा. शब्बाथ शाळेतल्या (रविवारच्या बायबल वर्गातल्या) एका पोराने हात घातला आणि म्हणाला, "टोचतंय की! बाळाला टोचलं नसेल?" सगळे गप्प. मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली, अंगावरची सोलापुरी चादर काढली, चार घड्या करून कडब्यावर अंथरली. तिला थंडी वाजत होती हे दिसत होतं. त्या दिवशी प्रवचन झालं की नाही मला आठवत नाही.

तुमच्या मुलींना गव्हाण दाखवा. थर्माकोलची नको, गावाकडच्या गोठ्यातली.

रेल्वेलाइन्सची आई, सोलापूर

काकू, गुरुजी, भाऊ, सगळ्यांचं मिस्टरांना वाचून दाखवलं. सव्वीसला पाहुणे, हे त्यांना लगेच पटलं. माळांचं अजून पटलेलं नाही, असू दे. करंज्या वीस तारखेपर्यंत उरकायच्या ठरल्यात. गिफ्टांचे पैसे या वेळी दानाच्या पाकिटात जाणार, ते थोरलीनेच सुचवलं.

आज बाजारातून कामट्या आणल्या. धाकटी विचारतेय, मेंढपाळांचा भाग कोण म्हणणार? तिला पाठ करायला दिलाय.