धंदा मारवाड्याच्या रक्तात असतो, हे म्हणणे कितपत खरे?

मु. पो. वर्धा (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत "धंदा त्यांच्या रक्तातच असतो, आपल्याला ते जमायचे नाही" हे वाक्य पुन्हा एकदा ऐकले. वाक्य कौतुकाचे असले तरी आळशी आहे, असे माझे मत आहे. एकोणिसाव्या शतकात राजस्थानातल्या शेखावाटीतून, म्हणजे आजच्या झुंझुनू, सीकर आणि चुरू जिल्ह्यांतून, जी माणसे मुंबई-कलकत्त्याकडे निघाली ती हौसेने निघाली नव्हती. बंदरे वाढली, रेल्वे आली आणि वाळवंटातून जाणारा काफिल्यांचा व्यापार आटत गेला, म्हणून ती निघाली. परक्या शहरात ती टिकली याचे कारण मात्र रक्तात नसून बाशात सापडते.

बासा म्हणजे पेढीने किंवा एखाद्या बड्या व्यापाऱ्याने आपल्या मुलखातल्या माणसांसाठी चालवलेले राहण्याजेवण्याचे ठिकाण. पिलानीहून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला तिथे अंथरूण मिळे, ताट मिळे आणि बाजारातले आजचे भाव संध्याकाळच्या गप्पांत फुकट कळत. तो आधी गुमास्ता होई, पुढे मुनीम होई, आणि हात बसल्यावर बरेचदा जुन्या मालकाच्याच उधारीवर स्वतःची पेढी टाकी. मागे गावी बायकामुले एकत्र कुटुंबाच्या आधाराने राहत. पहिले अपयश पचवण्याची सोय ज्याच्यापाशी आहे तो धाडसी दिसतो, एवढाच त्या 'रक्ता'चा अर्थ मला लागतो.

हुंडीचेही, म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावी पैसे देण्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठीचेही, तसेच. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. हुंडी गहाळ झाली तर पैठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, लिहून देत; तीही हरवली तर परपैठ, म्हणजे तिसरी. कागदाच्या त्या तुकड्यावर अनोळखी गावात रोकड मिळे, कारण लिहिणाऱ्याची पत मोडली तर त्याच्या घराण्याला पुढे बाजारात उभे राहणे कठीण होई. बिर्लांच्या गिरण्यांत पुढे गाजलेला 'पडता', म्हणजे खर्च आणि उत्पादन धरून आज किती नफा पडायला हवा होता व किती पडला याचा रोजचा हिशेब, हा याच शिस्तीचा कारखान्यातला अवतार होता.

जिरायत

आपण बाशातले ताट दाखवलेत, पण त्या ताटातले धान्य कुठून आले ते सांगितले नाहीत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरला जाऊ लागला. हेतू रयतेच्या भल्याचा होता. सावकाराने मात्र दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घेण्याची वाट काढली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा कर्ज मागेल तेवढे मिळत होते. युद्ध १८६५ ला संपले, भाव कोसळला, रोकडीने भरायचा सरकारी सारा तेवढाच राहिला किंवा वाढला, आणि त्याच वेळी सावकाराने हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या वह्या व रोखे मागितले आणि जाळले, ते काही उगाच नव्हे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. उद्यमशीलतेच्या वारशात हे पान धरायचे की नाही?

दुसरे असे, की तो बासा कुणासाठी होता? सुप्याच्या कुणब्याच्या हुशार पोराला तिथे अंथरूण मिळाले असते काय? जातीबाहेरच्याला बंद असलेल्या पत-उधारीला आपण 'व्यवस्था' म्हणता, मी तिला मक्तेदारी म्हणतो.

रोकडवही

मी त्याच समाजातला, तीन पिढ्या विदर्भात काढलेला. आजोबा एका कापूसपेठेतल्या पेढीवर मुनीम होते आणि मुनीम म्हणूनच वारले, म्हणजे आमच्या रक्ताने आम्हाला काही दिले नाही! शाळेच्या आधी ते आम्हाला बेरजा शिकवत आणि जुन्या वहीतली महाजनी, म्हणजे व्यापाऱ्यांची हिशेबाची, लिपी दाखवत. तिच्यात काना-मात्रा गाळण्याची रीत असल्यामुळे 'काकाजी अजमेर गये' या ओळीचे वाचताना 'काकाजी आज मर गये' झाले आणि घरात रडारड सुरू झाली, हा विनोद आमच्याकडे प्रत्येक पिढीला नव्याने सांगितला जातो.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट अर्ध्या ओळीत उरकली आहे. गावी राहिलेल्या बायका 'आधाराने राहत' नव्हत्या, त्या आधार देत होत्या. नवरा दोन-दोन, चार-चार वर्षे परमुलखात असे; सासू-सासरे, गुरे, सण, आजारपण सगळे तिच्यावर. रंगवलेल्या हवेल्यांचे फोटो सगळे काढतात, पण त्या हवेल्यांत वर्षानुवर्षे राहिले कोण, हे कोणी विचारत नाही. खातेवहीत या श्रमाला रकाना नव्हता.

जिरायत यांच्या मुद्द्यावर एवढेच म्हणेन, की रोकडीत सारा मागणारे आणि कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे देणारे सरकार त्या आगीतून नामानिराळे राहिले.

फाटका बाजार

आपण सर्वजण पेढी आणि शेती यांतच अडकला आहात. कारखान्यांचे भांडवल पुष्कळसे सट्ट्यातून आले. अफूचा वायदा, तागाचा फाटका (म्हणजे माल न घेता नुसत्या भावावर खेळलेला सट्टा), इतकेच काय, कलकत्त्यात पाऊस किती पडेल यावरही पैसे लागत. त्यासाठी १८९७ मध्ये बंगालात खास कायदा करावा लागला. पहिल्या महायुद्धात वाळूच्या पोत्यांसाठी गोणपाटाची मागणी भडकली आणि दलालांचे शेठ झाले. घनश्यामदास बिर्लांनी १९१९ मध्ये ताग गिरणी काढली ती या काळाच्या पाठीवर. दलाली करताना गोऱ्यांच्या कचेरीत त्यांना लिफ्ट वापरू देत नसत, ही जखमही त्यामागे होती हे मान्य. तरीही नशिबाचा वाटा वजा करून 'शिस्त' पुजणे म्हणजे निम्मा हिशेब मांडणे होय.

मु. पो. वर्धा

रोकडवही यांची दुरुस्ती मान्य आहे. ते वाक्य मी निष्काळजीपणे लिहिले. सट्ट्याचे म्हणाल, तर फाटक्यात बुडालेलेही शेकडो होते. मिळालेला पैसा गिरणीत घालणे आणि ती चालवणे हे नशिबाने होत नाही.

जिरायत, मक्तेदारी हा शब्द मी खोडणार नाही. फक्त त्या समाजालाही एकाच मापाने मोजू नये. सीकरजवळच्या काशी का बास इथे १८८९ मध्ये जन्मलेले जमनालाल बजाज वर्ध्याच्या बच्छराज शेठजींकडे दत्तक आले, रायबहादुरी परत केली आणि १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. शिवाय धोका वाटून घ्यायला जात लागतेच असेही नाही. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला तो शेतकऱ्यांचे भाग गोळा करून. तो आपला बासा होता, असे मी म्हणतो.

जिरायत

प्रवरेचे उदाहरण मी ठेवून घेतो, जरी त्या बाशातही पुढे ताटे ओळखीनेच वाढली गेली हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. जमनालालजींबद्दल वाद नाही.

पण रोकडवही यांचा अजमेरचा विनोद माझ्या डोक्यातून जात नाही. घरच्या माणसालाही चुकवणाऱ्या त्या लिपीचे हसू येते. सुप्याच्या रयतेला तर कुठलीच लिपी वाचता येत नव्हती आणि अंगठा मात्र तिचा होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोखे गावच्या निबंधकासमोर नोंदवायला लावले आणि सावकाराला पावती व हिशेब लेखी देणे भाग पाडले, ते यासाठीच.

रोकडवही

आजोबांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यांत कर्जदार कुळांची नावे आहेत, अंगठेही आहेत. महाजनी वाचणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. मला आता ती फक्त ओळखता येते.