पोस्टरमधल्या पिस्तुलाची बॅरल वर बघतेय, चित्रकार चुकलाय की बरोबर आहे?

धुरकट_नेम:
मंडळी एक भांडण मिटवून द्या. मला अमेरिकेतली बंदूकवाल्यांची पोस्टरं गोळा करायचा नाद आहे, म्हणजे बंदूक बाळगायच्या हक्काच्या बाजूची, गरुड, झेंडा, १७९१ साल (त्या हक्काची घटनादुरुस्ती झाली ते), सगळा मसाला असलेली. त्यातल्या एकात एक दाढीवाला बाप्या दोन्ही हातात पिस्तूल धरून उभाय, अंग जरा तिरकं, डावं कोपर वाकलेलं, खाली मोठ्या अक्षरात 'कम अँड टेक इट'. पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण मागे आणि पुढे उघडी पडलेली बॅरल, म्हणजे नळी, स्लाइडच्या रेषेत नाही, तोंड किंचित वर. माझा मित्र म्हणतो चित्रकाराला काही कळत नाही, बॅरल कधी वाकडी असते का. मला वाटतं फोटो समोर ठेवून काढलंय. शिवाय तो म्हणतो असं तिरकं उभं राहणं आता कोणी करत नाही आणि लांब बॅरल असली की नेम आपोआप चांगला लागतो. तिन्हीवर जरा उजेड पाडा.

काडतूसराव:
पहिल्या मुद्द्यावर तुमचा मित्र आउट. पण पिस्तूल कोणतं ते सांगा आधी, सगळ्याच पिस्तुलांची बॅरल अशी कलत नाही.

धुरकट_नेम:
नाव कुठे लिहिलेलं नाही. बॅरलच्या तोंडाशी गोल कडं आहे, मागे हॅमर, आणि मुठीच्या मागच्या बाजूला हाताने दाबली जाईल अशी पट्टी.

काडतूसराव:
मग ते '१९११' नावाचं पिस्तूल आहे, नाहीतर त्याची कुठलीतरी कॉपी. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन. यात गोळी सुटते तेव्हा बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात, बॅरलच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या आतल्या खाचांत बसलेले असतात. दोघी मिळून थोडंसंच मागे येतात, तोवर गोळी बाहेर पडलेली असते आणि आतलं प्रेशर उतरलेलं असतं. मग बॅरलखालची छोटी लिंक तिचा मागचा भाग खाली ओढते, कंगोरे सुटतात आणि स्लाइड एकटी आणखी मागे जाते. मागचं टोक खाली गेलं की पुढचं वर येणारच. त्यामुळे स्लाइड मागे असताना १९११ची बॅरल आकाशाकडे बघते हे एकदम करेक्ट. १९३५च्या हाय पॉवर पिस्तुलामध्ये लिंक काढून तिथे उतरती खाच आली, ग्लॉकसकट आजची बहुतेक पिस्तुलं त्याच घराण्यातली.

खरी गंमत वेगळीच आहे. स्लाइड मागे अडकून राहिलीय म्हणजे मॅगझिन (गोळ्यांचा खण) संपलंय. म्हणजे 'या आणि घेऊन जा' असं छाती काढून सांगणारे साहेब रिकामं पिस्तूल घेऊन उभे आहेत 😂

दहामीटर:
राव घाई नको. स्लाइड अडकलीय की फायर होताना मधेच टिपलीय हे नुसत्या चित्रावरून कसं ठरवणार? आजूबाजूला पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, उडताना काढलंय का? असेल तर चालू फायरिंगमधला क्षण धरता येईल.

धुरकट_नेम:
हो हो, कानाजवळ एक उडतंय आणि धूर पण आहे. थांबा झूम करतो... अरे देवा, त्याला पुढे गोळी पण आहे, अख्खंच्या अख्खं काडतूस उडतंय 🤦

दहामीटर:
झालं म्हणजे. फायर झाल्यावर गोळी पुढे जाते आणि रिकामी केस बाजूला पडते, गोळीसकट काडतूस बाहेर पडलं म्हणजे ते उडालंच नाही, हाताने स्लाइड ओढून काढलंय. मग डावा हात स्लाइडवर पाहिजे, तो तर मुठीवर आहे. आणि धूर कशाचा ते चित्रकारालाच माहीत. ही चूक इतक्या पोस्टरांवर आणि जाहिरातींवर दिसते की मी आता पहिलं तेच बघतो, माणूस नंतर. म्हणजे तुम्ही दोघंही अर्धे अर्धे बरोबर, पिस्तूल बघून काढलंय आणि काडतूस मनाने.

आजीवन_वीव्हर:
स्टान्सवर, म्हणजे उभं राहायच्या पद्धतीवर, मला बोलू द्या. तुम्ही सांगताय तो वीव्हर स्टान्स आहे आणि 'आता कोणी करत नाही' हे ऐकून ऐकून कान किटले. जॅक वीव्हर हा लॉस अँजेलिस काउंटीच्या शेरिफ खात्यातला डेप्युटी, १९५०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बिग बेअरला पिस्तूल शिकवणाऱ्या जेफ कूपरच्या मॅचेस व्हायच्या तिथे हा उतरायचा. त्या काळी बहुतेक जण कमरेवरूनच झाडायचे, स्पीड जबरदस्त आणि नेम देवाच्या भरवशावर. याने दोन्ही हातांनी पिस्तूल डोळ्यासमोर आणलं, साइट्स (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) बघितल्या, आणि जिंकायला लागला. कूपरने ते उचललं, लिहून काढलं, शिकवलं, तेव्हा जगभर गेलं. यातली मेख कोपरात नाहीये, ताणात आहे. उजवा हात पुढे ढकलतो, डावा मागे ओढतो, त्या ओढाताणीत रिकॉइल (गोळी सुटतानाचा धक्का) मरतो. लोक नुसतं कोपर वाकवून तिरके उभे राहतात, ताण शून्य, आणि मग म्हणतात वीव्हर जमत नाही.

दहामीटर:
दादा आदर आहे पण १९८०च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस यांनी आयपीएससी या पिस्तूल स्पर्धांच्या मॅचमध्ये आयसोसिलीस स्टान्सने जो धुमाकूळ घातला त्यानंतर तो वाद मॅचपुरता तरी संपला. छाती टार्गेटकडे, दोन्ही हात सारखे पुढे, गुडघे किंचित सैल, वजन थोडं पायांच्या पुढच्या भागावर. रिकॉइल सरळ मागे येतो आणि पिस्तूल परत त्याच जागी बसतं, ढकल-ओढ करत बसावं लागत नाही. वीव्हरमध्ये दोन हातांचा ताण दर गोळीला सारखा ठेवणं कठीण जातं, दमलात की पहिलं तेच बिघडतं. आणि अंगात बुलेटप्रूफ जॅकेट असेल तर तिरकं उभं राहिल्यावर काखेची उघडी बाजू समोर येते, पोलिसांच्या ट्रेनिंगमध्ये समोर तोंड करून उभं राहायला सांगतात त्याचं हे एक कारण.

आजीवन_वीव्हर:
मॅचचं मान्य. पण ज्याचा एक डोळा जास्त चालतो, खांदा धरलाय, किंवा जो रायफलवरून पिस्तुलाकडे आलाय त्याला तिरकंच बरं पडतं. रे चॅपमन बघा, १९७५चा वर्ल्ड चॅम्पियन, त्याने उजवं कोपर सरळ लॉक केलं आणि डावं वाकलेलं ठेवलं, ना धड वीव्हर ना धड आयसोसिलीस. शरीर सांगेल तसं उभं राहा, नावं नंतर ठेवा.

दहामीटर:
बरं हे पटलं. मी स्वतः एअर पिस्तूलवाला, आमच्याकडे तर एकच हात, दुसरा खिशात नाहीतर पट्ट्यात. पॅरिस ऑलिंपिकला तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने खिशात हात घालून मिक्स्ड टीमचं सिल्व्हर नेलं तेव्हा लोकांना वाटलं स्टाइल मारतोय. स्टाइल कसली, मोकळा हात लोंबकळला की खांदा हलतो म्हणून तो बांधून टाकायचा. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, तिथे खांदा एवढासा हलला तरी नऊ.

काडतूसराव:
बॅरलचा मुद्दा राहिला. लांब बॅरल म्हणजे नेम चांगला हे अर्धवट खरं आहे. लांबीने वेग वाढतो, ९ मिलिमीटरमध्ये इंचामागे साधारण ८ ते १५ मीटर प्रति सेकंद, आणि तो पण पुढे पुढे कमी होत जातो. पण वेग म्हणजे अचूकपणा नव्हे. फायदा होतो तो मुख्यतः साइट्समधलं अंतर वाढल्याने, म्हणजे पुढची साइट किंचित जरी सरकली तरी तुम्हाला ती चूक दिसते. वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवला की तो फायदाही गेला. पिस्तुलाची स्वतःची अचूकता ठरते ती स्लाइड बंद झाल्यावर बॅरल दर वेळी त्याच जागी घट्ट बसते का यावर, आणि तोंडाची कड चारही बाजूंनी सारखी आहे का यावर. १९११ची मूळ बॅरल ५ इंची, ग्लॉक १७ची ११४ मिलिमीटर म्हणजे साडेचार इंच, आणि १९११चं पुढचं बुशिंग (तोंडाशी असलेलं ते गोल कडं) ढिलं असेल तर साधं ग्लॉक त्याला निवांत मागे टाकेल. मॅच बॅरल घेणारे लोक लांबीसाठी घेत नाहीत, फिटिंगसाठी घेतात. एक सांगून ठेवतो, ग्लॉकच्या मूळ बॅरलमध्ये पॉलिगोनल रायफलिंग (धारदार खाचांऐवजी गोलसर कडांची आतली पीळ) असतं, त्यात उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं कंपनीच सांगते. शिसं साचलं की प्रेशर वाढतं.

कोपऱ्यातला_वाचक:
तांत्रिक सगळं भारी चाललंय पण पोस्टरवरच्या ओळीचं कोणी बोललंच नाही. ती ओळ पिस्तुलाची नाहीच, तोफेची आहे. टेक्सासमधल्या गोंझालेस गावाला कोमांची लोकांच्या धाडींपासून बचावासाठी १८३१ मध्ये मेक्सिकोच्या सरकारनेच एक छोटी तोफ दिली होती, १८३५ मध्ये ती परत मागायला सैनिक आले तेव्हा गावकऱ्यांनी झेंड्यावर तोफ काढून खाली हे लिहिलं. २ ऑक्टोबरला जी झाली ती चकमक म्हणण्याइतकीच, पण टेक्सासचं बंड तिथून पेटलं. म्हणजे सरकारने दिलेली वस्तू सरकारला परत न देण्याची ही घोषणा. आता तोफेच्या जागी कोणी एआर-१५ रायफल काढतं, कोणी १९११. मला ही पोस्टरं चित्रं म्हणून आवडतात पण त्यातली शेखी बघून जरा खटकतं, तिकडे शाळांमध्ये काय काय होतं ते आपण वाचतोच.

धुरकट_नेम:
खटकण्याचं मान्य, मी पण भिंतीवर लावत नाही, फाइलमध्येच ठेवतो. सन २००० मध्ये नट चार्ल्टन हेस्टनने एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या सभेत जुन्या धाटणीची बंदूक डोक्यावर धरून ते 'कोल्ड डेड हँड्स' म्हटलं त्याची पण दोनतीन पोस्टरं आहेत माझ्याकडे, तोच ताव.

आजीवन_वीव्हर:
एक विचारायचं राहिलं, त्या दाढीवाल्याचं बोट कुठे आहे?

धुरकट_नेम:
ट्रिगरवर. आणि डावा अंगठा उजव्या हातावरून मागे, स्लाइडच्या पाठीशी.

आजीवन_वीव्हर:
मग वीव्हर वगैरे सोडा, या माणसाला रेंजवर कोणी उभं करणार नाही. टार्गेटवर साइट्स येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, हा कूपरच्या चार नियमांतला तिसरा. आणि तो अंगठा रिव्हॉल्व्हरवर चालून जातो, कारण तिथे मागे येणारं काही नसतं, उलट तिथे अंगठे पुढे ठेवले तर सिलिंडर आणि बॅरलमधल्या फटीतून येणारा गरम गॅस भाजतो. पिस्तुलावर मात्र मागे येणारी स्लाइड अंगठ्याची साल काढते, आणि एकदा निघाली की पुन्हा कोणाला सांगावं लागत नाही.

धुरकट_नेम:
मित्राला लिंक पाठवली तर तो आता म्हणतोय मग दुसरं पोस्टर बघ, त्यात पण बॅरल वर आहे. त्यातल्या पिस्तुलाची स्लाइड वरून उघडी आहे, बॅरल जवळजवळ पूर्ण दिसते.

काडतूसराव:
वरून उघडी म्हणजे बहुतेक बेरेटा ९२. त्यात बॅरल कलत नाही, सरळ मागे येते, खालचा लॉकिंग ब्लॉक तेवढा खाली पडतो, वॉल्थर पी३८वरून घेतलेली पद्धत. तिथे वर काढली असेल तर चित्रकार शंभर टक्के चुकला. ही एक मॅच मित्राला देऊन टाका.