दोन पुरी वाक्यं एका कॉमावर टांगू नका
इंग्रजी लिहिताना 'वाचताना जिथे श्वास घ्याल तिथे कॉमा द्या' असा सल्ला देतात, तो मला पटत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीची इंग्रजी पत्रं मी लिहितो. 'द टर्मरिक इज ड्राय, वी विल लोड इट टुमॉरो' यात दोन पुरी वाक्यं एकट्या कॉमावर लटकतात. तिथे सेमिकोलन (;) द्या, नाहीतर कॉमानंतर 'सो' घाला. दुसरं वाक्य 'हाउएव्हर'ने सुरू होत असेल, तर त्याआधी सेमिकोलन आणि नंतर कॉमा. इथे बहुतेक जण चुकतात. 'बिकॉज'च्या आधी सहसा काहीच नको. १९व्या शतकात ब्रिटिश कोशकार मेजर थॉमस कँडींनी ही विरामचिन्हं मराठीत रुजवली, पण 'हळद वाळली, उद्या भरू' हे मराठीत खपतं. तीच सवय इंग्रजीत उतरते.