मदत हवी आहे: वजन वाढलं म्हणून फ्लॅट रेसिंग (घोड्यांची बिनअडथळ्यांची शर्यत) सोडून जम्प रेसिंगला (अडथळ्यांवरून उड्या मारायची शर्यत) जाणं कितपत शक्य?

नमस्कार मंडळी, रेसकोर्सशी संबंध असलेलं कोणी इथे असेल तर प्लीज वाचा. माझा भाचा १९ वर्षांचा, पुण्यात एका ट्रेनरकडे रायडिंग बॉय आहे (म्हणजे सरावाला घोडे फिरवतो), जॉकी व्हायचं वेड दहावीपासूनचं. पण पठ्ठ्या दीड वर्षात ताडमाड वाढला, पाच फूट नऊ इंच झालाय आणि वजन ६१ च्या खाली येतच नाही. रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपतो, पहाटे रेनकोट घालून पळतो, ताई रडकुंडीला आलीये.

आता त्याच्या डोक्यात जम्प जॉकी टोनी मॅकॉय घुसलाय. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. आयर्लंडचा पोरगा, जिम बोल्जरच्या तबेल्यात अप्रेंटिस, १९९२ ला थर्ल्सला पहिली रेस जिंकला ती फ्लॅटच, मग १९९३ ला पाय मोडला आणि घरी बसल्या बसल्या असा वाढला की फ्लॅटचा विषयच संपला. मग जम्पला गेला, १९९४ ला इंग्लंड गाठलं आणि पुढे लागोपाठ २० सीझन चॅम्पियन, ४३०० च्या वर रेसेस जिंकल्या, २०१० ची ग्रँड नॅशनल म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी जम्प रेससुद्धा (ती १५ व्या खेपेला). भाचा म्हणतो, मामा, सेम माझीच केस आहे ही.

मला इथेच शंका येते. ब्रिटनमध्ये फ्लॅटला कमीत कमी वजन साधारण ५२ किलो आणि जम्पला ६४, सॅडल धरून, म्हणजे १२ किलोची मोकळीक, मान्य. पण मॅकॉय पाच फूट दहा इंच, तो जम्पला जाऊनही रिटायर होईपर्यंत कढत पाण्याच्या टबात बसून वजन उतरवायचा! मग उपाशी राहणं कुठे सुटलं?

ताईचं वेगळंच. २००८ ला इंग्लंडात वॉरिकच्या रेसमध्ये पडून मॅकॉयच्या मणक्याचं ऑपरेशन झालं हे तिने कुठेतरी वाचलं, तेव्हापासून उड्यांचं नाव काढू देत नाही. (दोन महिन्यांत तो परत घोड्यावर होता, हे तिला सांगितलं तर जास्तच भडकली.) भाच्याकडे उत्तर तयार, ग्रॅहम ली नावाच्या जॉकीचं. तो बरोबर उलटा गेला, २००४ ची ग्रँड नॅशनल जिंकलेला माणूस २०१२ ला फ्लॅटला आला, आणि २०२३ मध्ये न्यूकॅसलला स्टॉल्समधून (रेस सुटते त्या खोक्यांतून) निघताना पडून मान मोडली ती फ्लॅटच्या रेसमध्ये. यावर ताई काय बोलणार, उठून आत गेली.

तर जाणकारांनो, आपल्याकडे सगळ्याच रेसेस फ्लॅटच्या, भाच्याने हर्डल (उडी मारायचा छोटा अडथळा) बघितलंय ते यूट्यूबवर. तिकडे सगळ्यात छोटी जम्प रेससुद्धा साधारण दोन मैलांची, रिकिबी लांब, हर्डल साडेतीन फुटी आणि मोठे अडथळे म्हणजे फेन्स साडेचार फुटी. मग इथली घोड्यावरची बैठक मोडून पहिल्यापासून शिकावं लागतं का? इथे रायडिंग क्लबमध्ये वर्षभर शो जम्पिंग केलं तर त्याचा काही उपयोग? आणि आयर्लंड-इंग्लंडच्या तबेल्यात आधी नुसता वर्क रायडर (सरावाला घोडे पळवणारा) म्हणून कोणी आपल्याकडचं गेलंय का, व्हिसा कसा काढला, पैसे किती लागले? एजंटचे नंबर नकोत, एकाने आधीच ३० हजाराला टोपी घातलीये.

पुण्याचा सीझन संपला की घोडे मुंबईला जातील, सोबत जायचं की नाही हे त्याला त्याआधी ट्रेनरला सांगायचंय, म्हणून घाई.