शाळा दोन शिक्षकी, काम मात्र एकटीच्या अंगावर. मदत हवी आहे

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते चौथी, पट 38. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे तिसरं कुणी येण्याची आशा नाही.

पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. इथपर्यंत ठीक. पण पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा साठा, यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, सगळं मीच करते. सर म्हणतात, "मॅडम, तुम्हाला मोबाइलचं जमतं, मला नाही जमत." दोनदा शेजारी बसून शिकवलं, तरी तेच.

मी माहिती भरत बसते तेव्हा पहिलीची पोरं नुसती अक्षरं गिरवत राहतात. जीव तुटतो. पहिलीत कच्चं राहिलेलं पोर चौथीतही वाचताना अडखळतं, हे मी पाहिलंय.

सर वयाने मोठे, निवृत्तीला तीन वर्षं, मुख्याध्यापकाचा प्रभारही त्यांच्याकडेच. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांना, सांगितलं तर चहाडी केल्यासारखं होईल, आणि बसायचंय रोज एकाच खोलीत. कामांची लेखी वाटणी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात का? कुणी असं केलं असेल तर विषय कसा काढलात, तेवढं सांगा.